कुणीही घेऊ नये असं होकायंत्र

सोमवारी सकाळी गुणाजी तांडेलाने पितळेचं होकायंत्र चिंचेने घासायला घेतलं आणि दहाच मिनिटांत त्याच्या सुखी निवृत्तीला दृष्ट लागली. फोनवरच्या लिलावात साडेसहा हजारांची बोली लावून त्याने ते जिंकलं होतं. 'दीडशे वर्षांपूर्वीच्या जहाजावरील अस्सल होकायंत्र' असं वर्णन होतं. आता चिंचेच्या कोळाबरोबर ते दीडशे वर्षांचं काळेपण भराभर फडक्यावर उतरत होतं, आणि फडक्याला बुटाच्या पॉलिशचा वास येत होता.

गुणाजी घाबरला. पडवीतल्या फळीवर त्याचा सगळा संग्रह मांडलेला होता. होडी मुलाच्या हाती देऊन तो घरी बसला तेव्हापासून त्याला जुन्या जहाजी वस्तूंचा नाद लागला होता, आणि मुरूडच्या कोळीवाड्यात बसून तो देशभरच्या लिलावांत बोली लावत असे. त्याने एकेका वस्तूला नाक लावून पाहिलं. घंटा, दुर्बीण, चाक, वाळूचं घड्याळ, सगळ्यांना तोच वास. बापाच्या गलबतावरच्या कंदिलाला तेवढा घासलेटाचा वास होता, पण तो काही लिलावातून आलेला नव्हता.

बायको वेणूबाई आगरदांड्याच्या जेटीवरून मासळी घेऊन आली तेव्हा गुणाजी फडकं लपवत होता. पंचवीस वर्षं मासळीच्या लिलावात उभी राहणारी बाई ती, फडकं तिच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं.

"पापलेट घेताना कल्ले उचलून बघता," ती म्हणाली, "हितं काय बघितलंत?"

"फोटो."

"फोटोला कल्ले असतात?"

वेणूबाईने टोपली खाली ठेवली आणि निकाल दिला. "येत्या सोमवारपर्यंत ह्या कंपासाचे पैसे घरात आले तर बरं. न्हायतर अख्खी फळी भंगारवाल्याला जाईल आनि हितं माझा डीप फ्रीझर उभा ऱ्हाईल."

"कंदील पन?"

"कंदील पन. फ्रीझर काय कंदिलाला बाजूला सरक म्हननार हाय?"

गुणाजीने होकायंत्र विकणाऱ्याला शोधलं, तर त्या नावाचं दुकान लिलावातून गायब झालं होतं. वेणूबाई म्हणाली, "त्यानं जसं विकलं तसं तुमी विका. हाय काय त्यात?"

"मला जमायचं न्हाय. माझ्या एका शब्दावर सात-सात खलाशी भर दर्यात निजायचे. आता म्हातारपनी बूटपॉलिश फासून मानसं फसवू?"

कंदील तर वाचला पाहिजे आणि फसवायचं तर कुणालाच नाही, अशा पेचात तो दुपारभर बसला. शेवटी त्याला वाटलं, किनाऱ्यावर एवढी हॉटेलं झाली आहेत, एखाद्याला भिंतीवर टांगायला खोटं होकायंत्रही चालेल. मग काय आहे ते सांगूनच विकावं. एका बोटाने टाइप करत त्याने लिहिलं: 'हे होकायंत्र खोटं आहे. मी साडेसहा हजारांना घेतलं व फसलो. काळेपणा पॉलिशचा आहे, चिंचेने घासला की निघतो. स्क्रू नवे आहेत. काच प्लॅस्टिकची आहे. जुनं समजून कुणीही घेऊ नये. शोभेला बरं.' सुरुवातीची किंमत त्याने पाचशे ठेवली आणि मोकळ्या मनाने जेवायला बसला.

संध्याकाळपर्यंत बोली दोन हजारांवर गेली होती.

गुणाजीला आनंद झाला, पण तो खालचे प्रश्न वाचेपर्यंतच टिकला. रत्नागिरीच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी लिहिलं होतं, 'स्क्रू नंतर बदललेले असणार. वापरातल्या वस्तूचीच दुरुस्ती होते.' दुसऱ्या एकाने दमच भरला होता. 'चिंचेने घासून आपण ऐतिहासिक थर नष्ट केला आहे. कृपया आणखी घासू नये.'

गुणाजीने नम्रपणे उत्तर दिलं, 'तो थर बुटाच्या पॉलिशचा होता. वास येत होता.'

लगेच प्राध्यापकांचं उत्तर आलं. 'जहाजावरचे अधिकारी बूटच घालत असत.' आणि त्यांनी बोली तीन हजार केली.

मंगळवारी गुणाजीने ठरवलं की सज्जड पुरावाच द्यायचा. त्याने होकायंत्राचा तळ उघडला. आत पोकळी भरायला वर्तमानपत्राचा बोळा कोंबला होता आणि त्यावर दोन वर्षांपूर्वीची तारीख होती. त्याला एवढं हायसं वाटलं की त्याने त्या तारखेचे चार बाजूंनी चार फोटो काढले आणि टाकले. आता तरी माणसं शहाणी होतील म्हणून तो पारावर पत्ते खेळायला गेला.

परत आला तर बोली सात हजारांवर. 'दोन वर्षांपूर्वी कुणीतरी हे उघडून जपून बंद केलं आहे,' प्राध्यापकांनी लिहिलं होतं. 'खोट्या वस्तूची इतकी काळजी कोण घेतो?' त्याखाली अकराजणांनी पसंतीचा अंगठा उमटवला होता.

बुधवारी सुजित नावाच्या कुणाचा खासगी निरोप आला. 'काका, सगळ्यांसमोर बोलू नका, बरोबर आहे. मला एकट्याला खरं सांगा.'

'खोटं आहे,' गुणाजीने लिहिलं.

'समजलो,' सुजितने लिहिलं, आणि बोली नऊ हजार झाली.

आता गुणाजीचं डोकं फिरायची वेळ आली. त्याने वस्तू मागे घ्यायचा प्रयत्न केला, पण बोली लागलेली वस्तू मागे घेता येत नाही, असं फोनवर आलं. त्याने हे सगळं वेणूबाईला सांगितलं. ती नवऱ्याकडे कौतुकाने बघतच राहिली. लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण अशा नजरेने तिने त्याच्याकडे पूर्वी पाहिल्याचं त्याला आठवेना.

"हे कुनी शिकवलं तुमाला?"

"काय?"

"आमी जेटीवर करतो ते. गिऱ्हाईक आलं की सुरमई टोपलीखाली सारायची नि बोलायचं, ही नको, ही तुमच्या कामाची न्हाय. झालं. त्याला मग तीच पायजेल असते. बाकी मासली दिसत पन न्हाय."

"पन मी तसं न्हाय करत. मी खरंच सांगतोय."

"मी तरी कवा खोटं सांगते?" वेणूबाई म्हणाली आणि हसत आत गेली.

गुणाजीला फार वाईट वाटलं. गुरुवार-शुक्रवार त्याने काहीच लिहिलं नाही. गप्प राहिलं तर बोली थंड पडेल असा त्याचा हिशेब होता. पण विक्रेता गप्प झाला याचा अर्थ घबाड हाती असल्याचं त्याला कळलं, असा लोकांनी काढला आणि बोली पंधरा हजारांवर गेली. 'दर्याकिंग' नावाचा एक नवा माणूस शिरला होता. तो काही विचारत नव्हता, नुसते आकडे वाढवत होता.

शनिवारी गुणाजीने भिंग घेतलं आणि होकायंत्र उन्हात नेऊन पाहिलं. स्क्रू नवे होते हे खरं. पण एवढा शिकलेला माणूस म्हणतो तर स्क्रू बदललेही असतील. कडेला एक चीर होती, ती काल एवढी जुनी दिसत नव्हती. त्याने वास घेतला. पॉलिशचा वास होता की एखाद्या गोऱ्या कप्तानाच्या बुटाचा, हे त्याला सांगता येईना. आपण आठवडाभर जे खरं म्हणून सांगत होतो ते खरं होतं की खोटं, हेच त्याला कळेनासं झालं, आणि त्या रात्री त्याला नीट झोप लागली नाही.

रविवारी संध्याकाळी सहाला लिलाव सुटला. एकवीस हजार. दर्याकिंग.

सोमवारी सकाळी दारात गाडी थांबली आणि पस्तिशीचा एक माणूस उतरला. "मी मितेश. पनवेलहून आलो. कुरियरवर भरोसा नाही म्हणून स्वतःच आलो, काका."

गुणाजीने त्याला बसवलं, पाणी दिलं आणि होकायंत्र समोर ठेवलं. "हे बघ बाबा, घेण्याआधी नीट ऐक. हे खोटं हाय."

"माहीत आहे ना, काका."

"माहीत हाय?"

मितेशने आधी वेणूबाईकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "तुमच्यापासून काय लपवू? मीच विकलं होतं तुम्हाला. असे दहा पीस बनवून घेतले होते एका भट्टीवाल्याकडून. दहाच्या दहा गेले. मग दुकान बंद केलं."

गुणाजीला हायसं वाटलं आणि रागही आला, आणि आधी काय दाखवावं हे त्याला ठरवता येईना. "मग तर झालंच," तो म्हणाला. "तू बनवलंस, म्हंजे खोटंच."

"तेच तर लफडं आहे ना. ज्या जुन्या पीसवरून साचा काढला तो ओरिजनल होता. भट्टीवाला बोलतो, परत दिला. माझ्याकडे तर नाहीये. आता तुमच्या पीसच्या मागे आठ दिवस अख्खी दुनिया लागली. प्रोफेसर लोक लागले. मी बोललो, मितेश, गडबड झाली. असली माल नकलीमध्ये गेला."

"पन पॉलिश?"

"मुलांनी सगळ्यांना एकत्रच लावलं असेल ना."

"आनि स्क्रू? आनि तो पेपर?"

"साचा काढायला उघडला असेल, तर स्क्रू नवेच टाकणार ना, काका. पेपर पण तेव्हाचाच."

खोटं बनवणारा माणूसच समोर बसून खरं आहे म्हणून सांगत होता आणि फसलेला माणूस खोटं आहे म्हणून गळा काढत होता. गुणाजीने शेवटचा उपाय केला. "ऐक. मला साडेसहा हजारच दे. माझे गेले तेवढेच. वरचे घेतले तर मी तुला फसवल्यासारखं होईल."

मितेशचा चेहरा पडला. "कमी कशाला घेताय? दुसरी पार्टी आलीय का? पंचवीस देतो. आत्ता देतो."

"अरे पन..."

इथे वेणूबाई मध्ये पडली. "पंचवीस न्हाय नि साडेसहा न्हाय. लिलाव एकवीसला सुटला, एकवीसच. सुटलेला भाव जेटीवर कुनी बदलला तर दुसऱ्या दिवशी त्याला कुनी उभा करीत न्हाय. एकवीस ठेव नि ने."

मितेशने पैसे ठेवले. होकायंत्र टॉवेलात गुंडाळताना त्याची नजर फळीवर गेली. त्यातला अर्धा माल त्याच्याच दुकानातला होता, पण आता त्याचा स्वतःवरही विश्वास उरला नव्हता. "ही घंटा?"

"खोटी," वेणूबाई म्हणाली. "नको घेऊस."

"दुर्बीण?"

"ती पन. सगळं खोटं हाय. तुझ्या कामाचं न्हाय."

मितेशने घंटा घेतली, दुर्बीण घेतली, चाक घेतलं, वाळूचं घड्याळ घेतलं. वेणूबाई प्रत्येक वस्तूला खरं तेच सांगत होती आणि तो पैसे मोजून एकेक वस्तू गाडीत नेऊन ठेवत होता. शेवटी त्याने कंदिलाला हात घातला, तेव्हा गुणाजी उठून उभा राहिला.

"तो ठेव. तो खरा हाय. माझ्या बापाच्या गलबतावरचा हाय, शंभर वर्षांचा. एकच खरी वस्तू हाय ह्या घरात."

मितेश हसला. धंद्यातल्या माणसाने धंद्यातल्या माणसाकडे बघून हसावं तसा. "असू द्या, काका," तो म्हणाला आणि कंदील अलगद जागेवर ठेवून गेला.

दुपारी वेणूबाईने फ्रीझरची ऑर्डर दिली. कंदिलाला खुंटी मिळाली. गुणाजी मात्र रिकाम्या फळीसमोर बसून होता.

"आपन त्याला फसवलं काय ग?"

"तुमी खरं बोललात ना?"

"व्हय."

"मी पन खरंच बोलले. त्यानं कबूल केलं, म्हंजे तो पन खरंच बोलला. मग कोन फसलं?"

गुणाजीने तिघांचं बोलणं मनात पुन्हा तपासून पाहिलं. खोटं कुठे सापडेना, पण मनाला पटतही नव्हतं.

संध्याकाळी फोन वाजला. घेणाऱ्याने विकणाऱ्याबद्दल आपलं मत नोंदवलं होतं. लिलावात गुणाजीच्या नावापुढे ते आता कायम दिसणार होतं. गुणाजीने चष्मा लावून वाचलं. 'माल अस्सल, शंका नाही. विक्रेता मात्र पक्का खोटारडा. समोर बसून विचारलं तरी शेवटपर्यंत खरं बोलला नाही. सावध राहा.'

त्याने ते तीनदा वाचलं. खाली उत्तर लिहायला जागा होती. त्याने 'मी खरंच' एवढं टाइप केलं आणि थांबला. आठवडाभर खरं लिहून काय काय झालं ते त्याला आठवलं. त्याने ते दोन्ही शब्द पुसले आणि फोन खिशात टाकला.

"काय लिवलंय त्यानं?" वेणूबाईने आतून विचारलं.

"मानूस सरळ हाय म्हनून लिवलंय," गुणाजी म्हणाला.

"मला वाटलंच," वेणूबाई म्हणाली. आठ दिवसांत त्याच्या बोलण्यावर कुणी पहिल्यांदाच विश्वास ठेवला होता.