बाड ग्रुंडलाखचे वीस अंश

गावाची थोरवी त्याच्या पाण्यात नसते, त्या पाण्यात कोण डुंबले यात असते. या कसोटीवर ऑस्ट्रियातले बाड ग्रुंडलाख किंचित कमी पडते. सम्राट इथे आले होते, पण अकराच मिनिटे, तेही घोड्याची नाल निखळली म्हणून. ते गाडीतून उतरले नाहीत. घोडा मात्र झऱ्याचे पाणी प्यायला आणि पुढे अठरा वर्षे जगला, म्हणून चौकात पुतळा घोड्याचा आहे. (प्रेक्षणीय स्थळे एकूण चार: पुतळा, नाल, नालेची प्रतिकृती, आणि जिथून पुतळा दिसतो ते कॅफे.)

इथल्या स्नानगृहाचा प्रमुख रूपर्ट श्टाइनडोर्फर. वीस मिनिटे झाली की घंटा वाजवून लोकांना हौदाबाहेर काढायचे, हे काम त्याने एकतीस वर्षे निष्ठेने केले. गेल्या वर्षी मार्चमध्ये झरा एकोणीस अंशांवर आला. वीसच्या खाली गेले की सरकार गावाच्या नावाला लागलेले ‘बाड’, म्हणजे स्नानक्षेत्राचा मान, काढून घेते. मग स्नानगृहाला कुलूप आणि रूपर्ट घरी. घरी बायको वाल्बुर्गा होती.

“आता दिवसभर माझ्या स्वयंपाकघरात घंटा बडवणार का?” तिने विचारले. घंटेवाचून आपण कोण, हे रूपर्टला खरोखरच ठाऊक नव्हते.

नियम सांगतो की तापमान ‘पाहुण्यांचा पाण्याशी संबंध येतो त्या ठिकाणी’ मोजावे. पाहुण्यांनी आधी किती वेळ पाण्यात बसावे, यावर नियम मौन पाळतो. तेव्हा तपासणीच्या दिवशी सकाळी सहाला गावातले सदतीस पेन्शनर हौदात उतरले. (सरासरी वय चौऱ्याहत्तर. सरासरी वजन जाहीर करण्यास महिला मंडळाने हरकत घेतली.) घंटा वाजली नाही.

“रूपर्ट, अरे, पाय गारठले की रे!” निवृत्त पोस्टमन ओटमार कण्हला.

“सासूची आठवण काढ. अंग तापेल.”

दहा वाजता पाणी एकोणीस पूर्णांक आठवर अडून बसले. शेवटी वाल्बुर्गा पदर खोचल्यागत बाह्या सारून उतरली. “तुमच्या त्या मेल्या घंटेपायी काय काय करावं लागतंय मला!” इथून सुरुवात करून ती नवऱ्याच्या एकतीस वर्षांचा हिशेब मांडत राहिली. पाऊण तासात वीस अंश पार झाले.

अकराला सरकारी तपासनीस डॉक्टर प्रोहास्का आले. “अहो, खनिजं फारच वाढलीत की!” तापमान नोंदवून दुसऱ्या मापकाकडे बघत ते म्हणाले.

“देवाची कृपा, डॉक्टरसाहेब,” रूपर्ट म्हणाला.

शिक्का बसला. रूपर्ट कपड्यांच्या खोलीत जाऊन लहान मुलासारखा रडला. घंटा आता पेन्शनरांची पाळी बदलताना वाजते.

प्रमाणपत्र हौदाच्या पाण्याला मिळाल्यामुळे झऱ्यावरचा नळ नियमानुसार बंद झाला असून, पिण्याच्या औषधी पाण्याचे पेले हौदातूनच भरले जातात. मागच्या उन्हाळ्यात तुम्ही त्यातला एक डोळे मिटून प्यायलात, दुसरा मागून घेतलात, आणि गुडघ्याला लगेच फरक पडल्याचे पाहुण्यांच्या वहीत सहीनिशी लिहून आलात.