पालक नको!

"झालं! जुना बालभत्ता बंद, नवा सुरू," मोबाइल टेबलावर ठेवत मुद्रितशोधक ऐटीत म्हणाले. "माणसानं कसं काळाबरोबर बदलावं."

"आणि पाळणाघराचं?" बायकोनं विचारलं. तिची नवी नोकरी सोमवारपासून सुरू व्हायची होती. लेकीची फी भत्त्यातूनच परस्पर जायची. ती अडली की लेकीची जागा जाणार, आणि तिच्यापाठोपाठ आईची नोकरी.

"अगं, जगाच्या चुका काढून पोट भरणारा माणूस मी. माझी चूक होईल?"

मोबाइल वाजला. 'अभिनंदन! पालकाचे वय : चार. पाल्याचे वय : एकोणचाळीस.'

मुद्रितशोधकांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. अर्ज भरताना त्यांनी पालकाच्या जागी लेक घातली होती आणि पाल्याच्या जागी स्वतःला! दुसऱ्यांचे काने-मात्रे सुधारण्यात केस पांढरे केलेला हा गृहस्थ स्वतःच्या घरातल्या एका अक्षरावर सपशेल आपटला होता.

"शाबास रे माझ्या वाघा," ते स्वतःलाच म्हणाले.

सकाळी लेकीला कडेवर घेऊन त्यांनी भत्त्याचं कार्यालय गाठलं. "मॅडम, मला परत जुन्यात टाका ना," ते खिडकीतल्या बाईंना म्हणाले.

"जुन्यातून नव्यात येता येतं. नव्यातून जुन्यात नाही."

"मग नव्यातच दुरुस्त करा."

"करते की. पण दुरुस्ती पालकानं मागायची. तुम्ही पडलात पाल्य. पाल्याचं इथे कोणी ऐकत नाही."

"घरीही हेच चालतं," मुद्रितशोधक पुटपुटले.

बाईंना हसू आवरेना. त्यांनी लेकीला खिडकीच्या फळीवर बसवलं आणि माइक तिच्या तोंडाशी धरला. "हे बघ बाळा, हे यंत्र फक्त 'हो' नाहीतर 'नको' एवढंच ऐकतं. तू छान 'हो' म्हणायचं हं. तू पालक ना?"

लेकीचं तोंड एकदम वाकडं झालं. आदल्याच दिवशी आईनं हीच हिरवी भाजी तिला दटावून खायला घातली होती.

"नको! पालक नको! थू!"

यंत्र टुणकन वाजलं. बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, पालकानं दुरुस्ती नाकारली! आता पुढच्या महिन्यात या."

मुद्रितशोधक खिडकीत डोकं घालून ओरडले. "माझ्या शहाणपणापायी हिच्या आईची नोकरी गेली हो! जागा गेली!"

"जागा कुठे गेली? ती तर मंजूर दिसतेय. सोमवारपासून."

"कोणाला?"

बाईंनी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. "तुम्हाला."

"अहो, मग हिचं काय?"

"पालकाला पाल्याबरोबर दिवसभर थांबता येतं," बाई आवाज खाली आणत म्हणाल्या. "पण पाल्य रडत असेल तरच."

सोमवारी पाळणाघराच्या दारात तिघं उभी राहिली. मुद्रितशोधकांच्या काखोटीला तपासायच्या कागदांचा गठ्ठा होता आणि गळ्यात लेकीची पाण्याची बाटली. बायको सारखी घड्याळाकडे बघत होती.

पाळणाघराच्या ताईंनी हातातल्या मोबाइलवरची नोंद वाचली, या थोराड पाल्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि गंभीरपणे विचारलं, "पाल्य रडतंय का?"

मुद्रितशोधकांनी एकदा बायकोकडे पाहिलं आणि भर रस्त्यात भोकाड पसरलं.

"उगी, उगी," त्यांचं बोट घट्ट धरून लेक म्हणाली. "मी आहे ना."

बायको ऑफिसला वेळेवर पोचली. मुद्रितशोधकांना मात्र त्यानंतर बराच वेळ खरंच रडू आवरेना.