पेटीचं वय

सिगारची पेटी नाकाशी धरून तिचं वय सांगणाऱ्या, पण स्वतः जन्मात एक झुरका न मारलेल्या माणसाला तुम्ही काय म्हणाल? मी तंबाखूवाल्यांचा दलाल म्हणालो होतो. तोंडावर.

बाबूराव चांदेकर आमच्या शनिवार पेठेतले. कॅम्पातल्या एका जुन्या दुकानात सिगारचं कपाट सांभाळून निवृत्त झालेले. मी तेव्हा तंबाखूविरोधी पत्रकं वाटत दारोदार फिरत होतो. त्यांनी माझं पत्रक वाचलं, अंगठ्याने चोळलं, हुंगलं आणि म्हणाले, "मजकूर टिकेल. कागद पावसाळ्यापर्यंत." दलाल म्हटलं तरी त्यांनी बसायला स्टूल पुढे सरकवलं. मी तिथेच बसलो आणि मग रोज बसू लागलो.

दारावर पाटी होती: ‘पेटीचे वय सांगितले जाईल. आवडेल ते सांगितले जाणार नाही. चहाची अपेक्षा ठेवू नये.’ तरी लोक येत. जुन्या बाजारातले व्यापारी येत, हौशी संग्राहक येत. एकदा एक वकील आले, आजोबांना गोऱ्या साहेबाने दिलेली पेटी घेऊन. बाबूरावांनी आतल्या कागदावरचा तेलाचा डाग पाहिला, वास घेतला. कोवळा माल नाकाला झोंबतो, मुरलेला झोंबत नाही, असं ते सांगत. शेवटी झाकणावरच्या कारखान्याच्या पत्त्यावर बोट ठेवलं. पत्त्याला पिनकोड होता.

"वकीलसाहेब, गोरा बोटीत बसून गेला त्यानंतर पंचवीस वर्षांनी पोस्टाने हे आकडे काढले. आजोबांना भेटायला तो परत आला होता का?"

वकील तणतणत गेले. मी खूश झालो. समोरच्याची भीड न ठेवता खरं सांगणारा माणूस मला आमच्या सभांतही सापडला नव्हता.

मग एका दुपारी मालतीबाई आल्या. नाव मी बदललं आहे, आळीही सांगत नाही. नवरा जाऊन महिना झाला होता. माळा आवरताना त्याच्या जुन्या कोटाखाली सिगारची पेटी निघाली, निम्मी रिकामी. मुलगी झाली त्या दिवशी नवऱ्याने तिच्या डोक्यावर हात ठेवून सिगार सोडली होती. ती मुलगी आता कॉलेजात शिकवते.

"आधीची की नंतरची, एवढंच सांगा," मालतीबाई म्हणाल्या. "मी रडणार नाही."

बाबूरावांनी झाकण उघडलं. मी त्यांच्या मागेच उभा होतो. मला पत्ता दिसला आणि पत्त्याखालचे सहा आकडेही दिसले. मुलीच्या जन्माच्या वेळी ते आकडे नव्हतेच.

त्यांनी झाकण लावलं आणि वर तळवा ठेवला.

"आधीची. दोन-तीन वर्षं तरी आधीची. टाकून द्यायचं जिवावर आलं असेल."

मालतीबाई रडल्या. "मी उगाच काय काय मनात आणलं हो," म्हणाल्या आणि पेटी छातीशी धरून गेल्या.

मी उसळलो. "बाबूराव, पिनकोड होता."

"चष्मा बदला."

"मी चष्मा लावत नाही."

"मग लावा."

तेवढ्यात एक व्यापारी दोन पेट्या घेऊन आला. आज नाक काम देत नाही, उद्या या, असं सांगून त्यांनी त्याला परत पाठवलं. सत्यावर माझं एक भाषण तयार होतं, ते मी केलं नाही.

माझ्या पत्रकांत मी ‘कृपया’ हा शब्द कधी वापरला नाही. आज वापरतो. कृपया, तुमच्या घरात वारलेल्या माणसाची अशी पेटी निघाली, तर तिचं वय तुमचं तुम्हीच ठरवा. त्या म्हाताऱ्याला पुन्हा खोटं बोलायला लावू नका.