अनवाणी पायांचा ॲम्प्लिफायर

यशवंतकाकांच्या घरी पंख्याचं बटण जमिनीपासून चार बोटांवर आहे. नवखा माणूस भिंत चाचपत राहतो. काका खुर्चीतूनच म्हणतात, "वर काय शोधतोस? पायानं लाव." दिवा, रेडिओ, झालंच तर मिक्सरसुद्धा ते अंगठ्यानं चालू करतात. काकू होत्या तोवर मिक्सर ओट्यावर होता.

पेणला ते आमच्या शेजारी राहतात. नागोठण्याच्या कंपनीत कंट्रोल पॅनेल सांभाळून निवृत्त झाले. मी लग्नाच्या हळदीत वाजणाऱ्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. माझा पायाशी ठेवायचा विकतचा ॲम्प्लिफायर पाहून ते हळहळले. "हा बूटवाल्यांचा हाय. तू मांडवात अनवाणी."

खरंच होतं. स्टेजवर देवाचा फोटो असतो, म्हणून आम्ही चपला काढूनच चढतो. पायानं दाबायची बटणं इतकी खेटून, की मधल्या पीसला, म्हणजे गिटार एकटी वाजते तिथं, आवाज चढवायला जावं, तर शेजारचं बोट घुमाऱ्याचं, म्हणजे एकोचं, बटण दाबायचं आणि नवरीला गुहेत हळद लागायची.

काकांनी आठ महिने खपून नवा ॲम्प्लिफायर केला. पीसचं बटण गोल, घुमाऱ्याचं चौकोनी, दोन्ही लाकडी, मध्ये पाऊल मावेल एवढी जागा. आवाजाचं चाक कडेला, तळव्यानं फिरेल असं. बास-ट्रेबल पार मागं, पाय पोचूच नये म्हणून. "खाली बघायला लागलं," ते म्हणायचे, "तर माझं चुकलं."

रोह्याच्या हळदीला काकाही सोबत आले. मी एकदाही खाली पाहिलं नाही. कार्यक्रम संपल्यावर दुसऱ्या ऑर्केस्ट्रातला गिटारवाला प्रशांत आला. "कुणी बनवलाय हो?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "मीच."

काका मागेच वायर गुंडाळत होते. "व्हय," ते म्हणाले, "डोकेबाज हाय तो."

परतताना वडखळपर्यंत ॲम्प्लिफायर त्यांच्याच मांडीवर होता. आयुष्यात खोटं बरंच बोललोय, पण इतकं जड झालेलं हे एकच.

चार दिवसांनी प्रशांत पेणला माझ्याकडे आला. त्याला तसाच ॲम्प्लिफायर हवा होता. मी त्याला काकांच्या दारात नेलं. "मी खोटं बोललो. हा यांनी केलाय. मला यातली एक तारही जोडता येत नाही." लाज तर वाटलीच, पण 'हे आमचे काका' असं सांगताना मान ताठ झाली.

काका जमिनीवर वर्तमानपत्र पसरून प्रशांतला म्हणाले, "पाय ठेव." पावलाभोवती पेन्सिल फिरवली, बोटांमधली अंतरं मोजली. तो गेल्यावर माझ्याकडे वळले. "आता तू."

"माझं माप आहे की तुमच्याकडे."

"जुनं झालं. या वयात पाय पसरतात."

मी पाय ठेवला. पेन्सिल अंगठ्यावरून निघून टाचेला वळसा घालून परत आली, तरी त्यांनी हातात धरलेला घोटा सोडला नाही.

"घाई हाय काय तुला?" मान वर न करता त्यांनी विचारलं.

"नाय," मी म्हटलं आणि दुसराही पाय कागदावर ठेवला.