दर सोमवारी नवा प्रोग्रामर

आमच्या शेजारचे चौगुले आण्णा दर सोमवारी वेगळे प्रोग्रामर असतात. एका सोमवारी वेबसाइटचा दिसणारा भाग करणारे, पुढच्या सोमवारी तिची आतली यंत्रणा सांभाळणारे, त्याच्या पुढच्या सोमवारी मोबाइलची ॲप बनवणारे. वय एकसष्ट. इचलकरंजीत यंत्रमागाच्या शेडमध्ये ते जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा माणूस. तिथं आठवड्याला शिफ्ट बदलायची. निवृत्त होऊन कोल्हापुरात आले तरी ती सवय काही सुटली नाही.

आणि मी पडलो घरून काम करणारा प्रोग्रामर. आयताच सापडलो. गॅलरीतून हाक येते, "नितीन, मोकळा हाईस न्हवं?" नाही म्हणेपर्यंत ते चप्पल घालून निघालेले असतात.

सुरुवातीला मी हौसेनं सांगितलं, "आण्णा, नवशिक्यानं एकच शाखा धरावी. सहा महिने तीच घोटावी."

"व्हय की. बरोबर हाय," असं म्हणाले आणि सोमवारी डेटाचं जाडजूड पुस्तक घेऊन हजर!

प्रोग्राम अडला की आण्णा लॅपटॉपला कान लावतात. मागाचा आवाज बदलला की बिघाड कळतो म्हणे. चूक स्क्रीनवर लाल अक्षरात येते, ती वाचा, असं मी शंभरदा सांगितलं. "लिवल्यालं कुनीबी वाचंल. त्यात जॉबरचं काय?" एकदा आतला पंखा कुरकुरतो म्हणून त्यांनी त्यात शिलाई मशीनचं तेल सोडलं. लॅपटॉप दोन आठवडे दुरुस्तीला होता. ते दोन आठवडे मी फार सुखात काढले.

गेल्या सोमवारी टेस्टिंगची टूम निघाली. साहेबांबरोबर माझी मीटिंग चालू, आणि आण्णा दारात. "नितीन, दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढायच्या, आनि ह्याला पगार देत्यात व्हय?" साहेबांनी ऐकलं. माझं डोकंच सरकलं. मीटिंग संपताच ओरडलो, "आण्णा, तुम्हाला या वयात कुठं नोकरी करायचीय? एक काय ते ठरवा आणि माझा जीव सोडा!"

आण्णा दारातच खाली टेकले.

"आमचा पोरगा प्रसाद पुण्यात ह्यातलंच कायतरी करतोय," ते म्हणाले. "नेमकं काय, ते एकदा इचारलं. म्हणाला, 'आण्णा, तुम्हाला न्हाय कळायचं.' मग फोनवर जेवलास का, बरा हाईस का, एवढंच. दोन मिन्टात संपतंय. म्हणून एकेक शिकून बघतोय. त्याचं कुठलं ते घावलं, तर आनखी दोन मिन्टं बोलंल की."

"अहो, मग त्यालाच परत विचारा ना. एका शब्दात सांगेल."

"आनि परत तसंच म्हणाला तर?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गारगोटीला माझे वडील, आबा, असतात. त्यांनीही मला एकदा नेमकं काय करतोस ते विचारलं होतं, आणि मीही प्रसादसारखंच उत्तर दिलं होतं. मी आण्णांना खुर्ची दिली आणि फोन उचलला.

"प्रसादला लावतोस व्हय? नगं बाबा," आण्णा घाबरून म्हणाले.

"नाही आण्णा," मी म्हणालो. "आमच्या आबांना लावतोय."