येतो म्हणून गेलेले साहेब

लिफ्ट तपासण्यात ज्याची उभी हयात गेली, त्याला विमानात बसवू नये. यंत्र कुठे कुठे दगा देतं हे त्याला पाठ असतं. साहेबांनी विमानात पाऊल टाकलं ते दाराच्या बिजागऱ्या चाचपतच. विमान वर गेल्यावर त्यांनी खुर्चीचे दोन्ही हात असे काही आवळून धरले की शेजारच्या प्रवाशाला आपला कोपर ठेवायला जागा उरली नाही.

"लिफ्ट अडकली तर माणूस निदान दोन मजल्यांच्या मधे असतो," ते बायकोला म्हणाले. "हे अडकलं तर कशाच्या मधे?"

"डोळे मिटा आणि देवाचं नाव घ्या," बाईसाहेब म्हणाल्या आणि स्वतः झोपून गेल्या.

नाव साहेब घेतच होते. त्यांचा देवावर विश्वास बेताचा होता, पण बटणावर पक्का होता. लिफ्टचं बटण दाबून दिवा लागला, तरी माणसं ते पुन्हा पुन्हा दाबतात. त्याने लिफ्ट काही लवकर येत नाही, हे साहेबांइतकं कोणाला ठाऊक असणार? तरी तेही दाबत. न दाबून विषाची परीक्षा कशाला घ्या, असा त्यांचा एकंदर धर्म होता.

त्या धर्मातलं एक कलम फार कडक होतं. निघताना 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं. आपण सगळेच तसं म्हणतो, पण सवयीने. साहेब भीतीने म्हणत. ते शाळेत असताना त्यांचे वडील एका सकाळी घाईघाईत निघाले आणि चपला घालता घालता आत ओरडून म्हणाले, "केस कापायला जातो गं." ते रस्ता ओलांडताना गेले. चूक ट्रकवाल्याची होती, सगळ्यांनी तसंच सांगितलं. पण दाराशी उभ्या असलेल्या मुलाने तो शब्द ऐकला होता, आणि त्याच्या लेखी गुन्हेगार तोच होता. पुढे मोठेपणी साहेब "ऑफिसला जातो" एवढंही म्हणत नसत. "ऑफिस आहे," म्हणत आणि चालू लागत.

विमान सुखरूप उतरलं. परदेशी राहणारी मुलगी न्यायला आली होती; तिला जवळ घेण्याआधी साहेबांनी जाहीर केलं, "परतीचा प्रवास नाइलाज म्हणून करीन. त्यानंतर या जन्मी विमान नाही."

मुलीचं घर एका रांगेतलं होतं. मागे तळं, तळ्याकाठी लोखंडी कठडा आणि कठड्याला लागून पायवाट. मुलीने पहिल्याच दिवशी बजावलं, "बाबा, इथे शब्दाला किंमत आहे. बोललात ते करायचं."

"म्हणजे आपल्याकडे नाही?"

"आपल्याकडे 'पाच मिनिटांत पोचतो' असं जो सांगतो ना, तो अजून आंघोळीला गेलेला नसतो."

"त्याला लवचिकपणा म्हणतात. त्यावरच देश चाललाय आपला," साहेब म्हणाले. "आणि एक सांग, इथे कोणी कोणाची विचारपूस करतं का? माणसं कशी फ्रीजमधून काढल्यासारखी!"

हे मत दुसऱ्याच दिवशी बदलावं लागलं. पायवाटेच्या पलीकडच्या टोकाला एक निवृत्त दंतवैद्य एकटेच राहत. पंच्याऐंशीच्या घरातले, ताठ आणि अतिशय सभ्य. जन्मभर वेळ ठरवून लोकांचे दात काढलेले. सांगितलेल्या वेळी माणूस येणारच, यावर त्यांची जी निष्ठा होती ती आपल्याकडे देवळात सापडणार नाही. त्यांनी साहेबांना कॉफीला बोलावलं. मुलीने साहेबांच्या फोनमध्ये एक दुभाषी बाई बसवून दिली होती. साहेब मराठीत बोलत, बाई डॉक्टरांच्या भाषेत सांगे. डॉक्टर बोलत, बाई मराठीत सांगे. तासभर दोघांचं उत्तम जमलं. विषय दाढदुखी.

"बरं डॉक्टर, येतो," साहेब उठून म्हणाले.

फोनमधली बाई इमानाने बोलली. डॉक्टरांनी मान डोलावली. साहेब घरी गेले.

दुसऱ्या दिवशी साहेब गेले तर डॉक्टरांचं दार सताड उघडं. टेबलावर साहेबांचा कालचा कप तसाच, त्याच्यावर बशी झाकलेली. डॉक्टर कोट घालून खुर्चीत बसलेले, डोळे जरा लाल. साहेब भारावले. "माझ्यासाठी दार उघडं ठेवतात!" त्यांनी घरी येऊन सांगितलं. "आपल्याकडे सख्खा भाऊ ठेवत नाही. मी या लोकांना उगाच नावं ठेवली."

असं बरेच दिवस चाललं. साहेब रोज "येतो" म्हणून घरी येत आणि डॉक्टर रोज थंडीत दार उघडं टाकून बसत. पाहुण्याला 'तुम्ही का आला नाहीत' असं विचारणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. त्यांना खोकला झाला. साहेबांनी त्यांना मायेने सांगितलं, "डॉक्टर, दार लावून बसत जा हो." दुभाषी बाईने तेही सांगितलं. डॉक्टर बिचारे गोंधळले.

आणि मग ते धुकं पडलं. चार वाजताच पायवाट दिसेनाशी झाली. साहेब तसे भित्रेच. डॉक्टरांच्या दारातून बाहेर बघताच ते पुन्हा आत वळले. "येतो हं, डॉक्टर. येतो, येतो," त्यांनी बटण तीनदा दाबून घेतलं. कठड्याला धरून चाचपडत जाताना कानटोपीत काही ऐकू येईना, म्हणून त्यांनी ती काढली, कठड्याच्या टोकावर अडकवली, कान देऊन चाहूल घेतली आणि मग भीतीने असे सुटले की टोपी तिथेच राहिली. घरी मुलगी आणि बाईसाहेब बाजारात जायला गाडीत बसून वाट बघत होत्या. साहेबांनी फोन टेबलावर ठेवला आणि तेही गाडीत बसले.

इकडे डॉक्टर थांबले. तीनदा सांगून गेलेला माणूस! रोजचं एकवेळ सोडा. शेवटी ते काठी घेऊन बाहेर पडले. मुलीच्या घराची घंटा वाजवली, कोणी नाही. फोन लावला, तो आत रिकाम्या घरात वाजला. परतताना त्यांच्या हाताला कठड्यावरची ओली कानटोपी लागली. कठड्याच्या खाली तळं होतं.

बाजारातून परतणाऱ्या गाडीला कोपऱ्यावरच थांबावं लागलं. निळे दिवे, दोरखंड, गणवेशातली माणसं आणि तळ्यात गळ्यापर्यंत उतरलेले दोघे.

"काय झालं ते विचार गं," ते मुलीला म्हणाले.

मुलीने विचारलं. "कोणीतरी बुडालं म्हणतात. एक म्हातारे गृहस्थ. परदेशी."

"अरेरे!" साहेब खाली उतरले. परक्या मुलखात, थंड पाण्यात, आपल्या माणसांपासून दूर. या मरणाची तर त्यांना विमानात बसल्यापासून भीती होती. त्यांनी डोळे मिटले, हात जोडले आणि त्या अभागी जिवासाठी मनापासून प्रार्थना केली. डोळे उघडले तेव्हा एक शिपाई काठीच्या टोकावर एक टोपी धरून उभा होता.

"बघ, बिचाऱ्याची टोपी माझ्यासारखीच होती," साहेब गहिवरून म्हणाले.

बाईसाहेबांनी निरखून पाहिलं. "अहो, तुमचीच आहे. तो मागचा टाका मी घातलाय."

साहेबांनी टोपीकडे पाहिलं, तळ्याकडे पाहिलं. मग हळूच स्वतःचा दंड चाचपला. खरं सांगायचं तर क्षणभर त्यांची खात्री पटेना. बाईसाहेबांचा हात घट्ट धरून ते म्हणाले, "अगं, मी दिसतोय ना तुला?"

"चाळीस वर्षं तेच दिसताय," बाईसाहेब म्हणाल्या, पण त्यांनी हात सोडवून घेतला नाही.

तेवढ्यात डॉक्टरांनी साहेबांना पाहिलं. तो ताठ माणूस काठी टाकून धुक्यातून पळत आला आणि त्याने साहेबांना मिठी मारली. तोंडाने एकच वाक्य पुटपुटत होता. मुलीने हलकेच सांगितलं, "ते म्हणतायत, आलात! आलात!"

मग मुलीच्या स्वयंपाकघरात चौकशी झाली. पोलीसबाई उंच होत्या आणि अजिबात हसत नव्हत्या. मुलगी साहेबांच्या कानात म्हणाली, "बाबा, नीट बोला. माझे इथे कायम राहायचे कागद अजून मंजूर व्हायचेत."

"तुम्ही या गृहस्थांना येतो म्हणून सांगितलंत?" दुभाषी बाईच्या तोंडून पोलीसबाई बोलल्या.

"हो."

"आणि आला नाहीत."

"येतो म्हणजे जाणं असतं," साहेब म्हणाले.

पोलीसबाईंनी फोन हलवून पाहिला. "आणि खरोखर यायचं असेल तर काय म्हणता?"

"येतो."

"मग समोरच्याला फरक कसा कळतो?"

साहेबांनी प्रामाणिकपणे विचार केला. "पाय बघायचे. पाय कुठे जातात ते बघून कळतं."

मुलीने कपाळाला हात लावला. "जाण्याला तुमच्याकडे शब्दच नाही का?" पोलीसबाईंनी विचारलं.

"आहे," साहेब म्हणाले. "मी तो उच्चारत नाही." आणि मग, कागदांच्या भीतीने म्हणा किंवा कशाने म्हणा, त्यांनी वडिलांची गोष्ट सांगितली. चपलांसकट सांगितली. बाईसाहेबांनी इतक्या वर्षांत ती एवढी सविस्तर ऐकली नव्हती. दुभाषी बाईने तीही इमानाने सांगितली. डॉक्टर मान खाली घालून बसले होते.

पोलीसबाई उठल्या. "वाईट वाटलं," त्या म्हणाल्या. "पण थंड पाण्यात माझी माणसं उतरली होती. इथे असेपर्यंत तुमचे पाय जे करणार असतील तेच तोंडाने सांगायचं. कबूल?"

"कबूल," साहेब म्हणाले. मुलीने सोडलेला श्वास सगळ्यांना ऐकू आला.

शब्द दिला खरा, पण पाळायचा कसा? 'येतो' म्हणायची बंदी, 'जातो' म्हणायची छाती नाही. साहेब डॉक्टरांकडून निघताना नुसते हात जोडून उलट्या पावलांनी दाराबाहेर सरकत. एकदा कुंडीत बसले. मुकाट निघायचं म्हणजे त्यांना बटण न दाबता लिफ्टची वाट बघितल्यासारखं वाटे. रोज घरी पोचेपर्यंत जीव मुठीत.

आणि परतीचा दिवस उगवला. विमानतळावर पोचवायला डॉक्टर स्वतःची गाडी घेऊन, वेळेच्या आधी हजर. बाहेर पुन्हा धुकं उतरू लागलं होतं. आतल्या दाराशी निरोपाची वेळ आली. समोर काचेपलीकडे ते विमान. एवढ्या मोठ्या प्रवासाला 'येतो' न म्हणता निघायचं! मुलीला त्यांनी पोटाशी धरलं, डॉक्टरांपुढे हात जोडले आणि ओठ घट्ट मिटून वळले.

मागून डॉक्टर मोठ्या प्रेमाने, स्वच्छ मराठीत म्हणाले, "जातो."

साहेब जागच्या जागी थिजले. वळून पाहिलं तर डॉक्टर हसत होते. पाय जे करणार तेच तोंडाने सांगायचं, म्हणून त्यांनी तो शब्द मुद्दाम शोधून, पाठ करून आणला होता. काठी टेकत ते निघालेसुद्धा. पंच्याऐंशीचा माणूस, एकटा, बाहेर धुकं, स्वतः गाडी चालवत जाणार. साहेबांना तो रस्ता दिसला, तो ट्रक दिसला, त्या चपला दिसल्या. विमान, रांग, पोलीसबाई, सगळं विसरून ते धावले आणि त्यांनी डॉक्टरांची बाही धरली.

"असं नाही म्हणायचं! येतो म्हणा! अगं, फोन दे तो!"

डॉक्टरांनी दुभाषी बाईचं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "कुठे येऊ? कधी?"

"कुठेही! नुसतं म्हणा हो!"

"नुसतं म्हणता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "माझे पाय घरी जाणार आहेत."

"बाबा, रांग संपत आली," मुलगी म्हणाली.

साहेबांचा हात बाहीवरून सुटेना. "इथे या," ते म्हणाले. "इथेच, या दाराशी. मला घ्यायला. मार्चात."

डॉक्टर थांबले. मार्चात आपल्याला दुसरं काही काम आहे का, हे त्यांनी खरोखर आठवून पाहिलं. मग काठी डाव्या हातात घेतली, उजवा हात पुढे केला आणि हळूहळू, एक एक अक्षर लावत म्हणाले, "ये-तो."

"मीपण येतो," साहेब म्हणाले. अनेक दिवसांनी तोंडातून शब्द सुटला, आणि या वेळी तो खोटाही नव्हता.

विमानाची दारं लागली तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी सावकाश बाईसाहेबांकडे पाहिलं.

"या जन्मी विमान नाही, असं कोणीतरी म्हणालं होतं," बाईसाहेब खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या.

"तो येऊन उभा राहील गं," साहेब कळवळून म्हणाले. "मी गेलो नाही तर तो दार उघडं टाकून बसेल. त्याला खोकला आहे."

विमान हललं. साहेबांनी दोन्ही हातांनी खुर्ची आवळली, आणि अंगठ्याखाली एक बटण आलं ते दाबलं. दिवा लागला. त्यांनी पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. शेवटी हवाईसुंदरी पट्टा सोडून आली आणि काळजीने वाकून विचारू लागली, काय हवंय?

"काही नको," साहेब डोळे घट्ट मिटून म्हणाले. "दाबलेलं बरं असतं."