अडतीस टोप, अडतीस निबंध

लोकशाही आणि प्राथमिक शिक्षण यांचा पाया एकच आहे: दोन्हीकडे बोटाला शाई लागते.

पंच्याऐंशी साली कांजूरमार्गच्या एका शाळेत (नाव सांगत नाही, शाळा अजून उभी आहे) चौथीच्या मुलांचं लेखन सुधारण्याची मोहीम निघाली. पाहणीत असं आढळलं होतं की शंभरातली एक्क्याण्णव मुलं 'गाय हा उपयुक्त प्राणी आहे' या वाक्यापुढे जात नाहीत. (उरलेली नऊ त्या दिवशी गैरहजर होती.) वर्गशिक्षिका रत्नप्रभाबाईंनी साधा उपाय काढला. डोळ्यांनी पाहिलं तेच लिहायचं; कोणी, काय, कधी, किती, सगळं आलं पाहिजे. विषय दिला: 'आमच्या घरातली नवी वस्तू'.

अडतीस मुलांनी अडतीस निबंध लिहिले. वस्तू एकच निघाली.

त्याचं असं झालं होतं की, मतदानाच्या चार दिवस आधी उमेदवार धोंडिरामभाऊंनी या मुलांच्या चाळीत चैत्राचं हळदीकुंकू केलं. आंब्याची डाळ, पन्हं, आणि घरटी एक स्टीलचा टोप, झाकणासकट. नाव न घातलेलं भांडं आपल्याकडे आहेर म्हणून कोणी धरत नाही, तेव्हा भाऊंनी रीतसर कोरून घेतलं होतं: 'धोंडिरामभाऊंकडून सप्रेम. निशाणी शिडी.' खाली तारीख. (गुन्ह्याच्या जागी स्वतःचं नाव आणि तारीख घालणारा इतका सरळ माणूस निवडून आला, हे योग्यच झालं.)

शेवंतीचा निबंध वर्गात पहिला आला आणि विभागीय स्पर्धेसाठी निवडला गेला. त्यात होतं: 'भाऊ आईला म्हणाले, "वहिनी, शिडी विसरू नका." आई म्हणाली, "टोप रोज डोळ्यांसमोर असणार, विसरेन कशी?"' अवतरणचिन्हंसुद्धा जागच्या जागी.

निबंधांची कीर्ती पडलेल्या उमेदवाराच्या वकिलापर्यंत गेली. तो शाळेत आला आणि वाचता वाचता दोनदा गहिवरला. मुख्याध्यापक कुंडलिक गुरुजींना त्याने कायदा समजावला: लाच देणारा जितका गुन्हेगार, तितकाच घेणारा, वर्षभर कैदही होऊ शकते. नुसतं खाणं-पिणं असेल तर मात्र फक्त दंड. वह्या न्यायला रीतसर पत्र घेऊन परवा येतो, असं सांगून तो गेला.

संध्याकाळी शेवंतीची आई मालन धावत शाळेत आली.

"बाई, पोरगी पहिली आली म्हणून मी पेढे वाटले हो! आणि आता मलाच आत टाकणार?"

"निबंध खरा आहे, मालनताई."

"खरा आहे म्हणूनच तर वाट लागली ना!"

कुंडलिक गुरुजींची नोकरी तीस वर्षांची. त्यांनी कायदा मनात एकदा घोळवला आणि म्हणाले, "टोपाचा लाडू करा."

म्हणजे निबंधात. (खरे टोप कोणी विचारणार नव्हतं, कायद्याला कागद लागतो.) दुसऱ्या दिवशी सदतीस मुलांनी मुकाट्याने खोडरबर चालवलं. शेवंती अडून बसली.

"बाई, पाहिलं तेच लिहायचं ना?"

बाईंनी खोडरबर तिच्या पुढ्यात ठेवलं. मग म्हणाल्या, "आई घरी हवी ना तुला?"

शेवंतीने खोडलं. पण चांगलं शिक्षण असं खोडून जात नाही. तिने लिहिलं: 'भाऊंनी आईला एक लाडू दिला. लाडू आठ लिटरचा आहे. त्याला झाकण आहे. आई त्यात अंघोळीचं पाणी तापवते.'

वकिलाने ते वाचलं, आणलेलं पत्र घडी करून खिशात घातलं आणि चहा न घेता गेला. असला पुरावा पुढे केला असता तर कोर्टाने त्यालाच डोकं तपासायला पाठवलं असतं. स्पर्धेच्या परीक्षकांनी शेरा दिला: 'कल्पनाशक्ती असामान्य.' शेवंतीला पहिलं बक्षीस मिळालं आणि मालन घरीच राहिली.

आपण हसलात, बरं वाटलं. आपण कधी टोप घेतला नसणार, याची खात्री आहे. आपल्या सोसायटीच्या गच्चीवर निवडणुकीच्या आठवड्यात नवी टाकी बसली, तो विकास. तेव्हा घ्या वही. विषय: 'आमच्या सोसायटीची नवी टाकी'. कोणी दिली, कधी दिली, मतदानाच्या किती दिवस आधी. दहा ओळी पुरेत. लिहून झाल्यावर घरातल्या मुलांना तपासायला मात्र देऊ नका.